जुना ट्रॅक्टर आणि डीलरची पावती

२०१५-१६च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची सरासरी जमीन १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या घरात आहे. चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीचा नवा ट्रॅक्टर घ्यायचा तर सात लाखांच्या आसपास रक्कम लागते. नांगर, रोटाव्हेटर, ट्रॉली यांचा खर्च वेगळा. सव्वातीन एकरांच्या उत्पन्नातून एवढा हप्ता निघत नाही. बैलजोडी वर्षभर सांभाळणे परवडत नाही. भाड्याच्या ट्रॅक्टरवर विसंबावे, तर वाफसा सगळ्या शिवाराला एकाच वेळी येतो आणि आपला नंबर लागेपर्यंत ओल उडून जाते. म्हणून बरेच शेतकरी जुन्या ट्रॅक्टरकडे वळतात. मग प्रश्न उरतो तो घ्यायचा कोणाकडून. शेतकऱ्याच्या दारातून थेट घ्यायचा, की तालुक्याच्या रस्त्याला पत्र्याचे शेड टाकून, 'ऑटो कन्सल्टंट' अशी पाटी लावून बसलेल्या डीलरकडून? डीलर मध्ये आला की भाव चढतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या चढ्या भावात नेमके काय विकत मिळते, हे मात्र सौद्याच्या वेळी फारसे कोणी विचारत नाही. या प्रश्नाच्या दोन बाजू मांडण्यासाठी इथे दोन काल्पनिक माणसे समोरासमोर बसवली आहेत. एक आहे उभी हयात ट्रॅक्टर उघडण्यात घालवलेला मिस्त्री आणि दुसरा मोटार अपघातांचे दावे चालवणारा वकील.

मिस्त्री : वकीलसाहेब, जुना ट्रॅक्टर बघताना लोक आधी सन विचारतात आणि मग रंग बघतात. या दोन्हींवरून काही कळत नाही. ट्रॅक्टर किती वर्षांचा आहे यापेक्षा त्याच्याकडून कोणते काम करून घेतले, हे मोठे. कोल्हापूर-सांगलीकडे गळिताच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर घ्या. घरच्या आठ-दहा एकरांत पंधरा वर्षे राबलेल्या ट्रॅक्टरचे क्लच, ब्रेक आणि क्राउन-पिनियन झिजत नाहीत तेवढे याचे चार-पाच हंगामांत झिजतात. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या चिखलणीत वापरलेला असेल, तर इंजिन ठणठणीत आणि एक्सलच्या सिलमधून चिखलपाणी आत गेलेले, असेही होते. शेतकऱ्याच्या दारात गेलो की यातले निम्मे न विचारता समजते. कोणती अवजारे पडली आहेत, ट्रॉली एक आहे की दोन, ऑइल कुठे ठेवतात, चालवतो मालक की दर हंगामाला नवा ड्रायव्हर, हे डोळ्यांना दिसते. उरलेले शेजारी सांगतो. तोच ट्रॅक्टर डीलरच्या शेडमध्ये आला की हा इतिहास पुसला जातो. नवा रंग, नवे स्टिकर, टायरला पॉलिश, तासांचा मीटर बंद पडलेला नाहीतर बदललेला. इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारत असेल तर जाड ऑइल ओततात, म्हणजे काही दिवस धूर दबतो. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन चालवून गरम ठेवतात. मग सकाळी थंड असताना ते किती सेल्फ मारल्यावर उठते, हे कळायला मार्ग राहत नाही. एवढे सगळे झाकायचे आणि वर चाळीस-पन्नास हजार घ्यायचे! त्यापेक्षा दिवसाची मजुरी देऊन एखाद्या मिस्त्रीला सोबत न्यावे आणि मालकाशी थेट सौदा करावा.

वकील : झाकतात हे मी नाकारत नाही. पण मिस्त्री, तुम्ही ट्रॅक्टर कितीही उघडलात तरी त्याची मालकी कोणाची, हे बोनेटखाली सापडत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५०प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर आरटीओला कळवायचे असते. प्रत्यक्षात काय होते, तर विकणारा हस्तांतराच्या कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या करून मोकळा होतो, घेणारा ते फॉर्म कपाटात ठेवतो आणि दोन वर्षांनी त्याच फॉर्मवर तिसऱ्याला ट्रॅक्टर विकतो. सर्वोच्च न्यायालयापुढे २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार हा खटला आला. त्यात गाडी एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली होती, आरसीवर नाव मात्र पहिल्याच मालकाचे होते. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदीवरच्या मालकावर टाकली. घेणाराही सुटत नाही. विम्यातला तिऱ्हाइताच्या नुकसानीचा भाग कायद्याने नव्या मालकाकडे आपोआप जातो, पण स्वतःच्या ट्रॅक्टरच्या नुकसानीचा भाग तसा जात नाही. १९९५ साली कम्प्लीट इन्सुलेशन्सच्या खटल्यातच ते स्पष्ट झाले आहे. त्यावर कर्जाचा प्रश्न वेगळा. आरसीवर वित्तसंस्थेचा बोजा असेल, तर फॉर्म ३५ आणि संस्थेचा ना-हरकत दाखला आल्याशिवाय नाव लागत नाही. तुमच्या त्या ऊसपट्ट्यातच बघा. ऊसतोडीच्या मुकादमाला उचल देऊन बसलेला आणि टोळी न आल्याने बुडालेला वाहतूकदार ट्रॅक्टर घाईने विकतो. मशीन उत्तम असते, पण कागद सगळ्यांत वाईट असतात. दारात जाऊन, शेजाऱ्याला विचारून तुम्हाला मशीन कळेल. हप्ते किती थकले आहेत, हे शेजाऱ्यालाही माहीत नसते.

आतापर्यंतच्या बोलण्यात दोघेही लपलेल्या दोषांबद्दल बोलत आहेत, फक्त दोष दोन जातींचे आहेत. मिस्त्रीचा दोष लोखंडात आहे आणि तो अनुभवी हाताला बऱ्याच अंशी सापडतो. ब्रीदरमधून येणारा धूर, रेडिएटरच्या पाण्यावर तरंगणारे तेल, अवजार उचलून इंजिन बंद केल्यावर लगेच खाली बसणारी लिफ्ट, पुढच्या एक्सलमधला खेळ, ओढकामाने लांबट झालेले हुकाचे भोक, हे सगळे तासांच्या मीटरपेक्षा खरे बोलते. वकिलाचा दोष कागदात आहे, आणि आज तोही पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. नोंदणी क्रमांकावरून बोजा आणि विम्याची मुदत मोबाइलवर दिसते. राज्यात एप्रिल २०१९पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवणे सक्तीचे झाले. तिच्या नोंदणीला चासी आणि इंजिनाचे क्रमांक द्यावे लागतात, त्यामुळे ट्रॅक्टरवरचे आकडे आणि दफ्तरातले आकडे जुळतात का, याचीही परीक्षा होते. ट्रॅक्टरच्या कर्जासाठी जमीन तारण दिली असेल, तर मालकाच्या सातबाऱ्यावर बोजा दिसतो. म्हणजे दोन्ही प्रकारचे दोष घेणाऱ्याला थोड्या खर्चात, थोड्या कष्टात तपासता येतात. मग मिस्त्रीचा आक्षेप आणखी धारदार होतो, आणि तो त्याच्याच तोंडून ऐकलेला बरा.

मिस्त्री : मग बोला, वकीलसाहेब. मशीन मी बघितले, कागद तुम्ही मोबाइलवर बघितले. मधल्या माणसाने काय केले? आमच्याकडचे निम्मे ट्रॅक्टर तर तो विकत घेतच नाही. मालकाने आणून लावायचा, यांनी गिऱ्हाईक आणायचे, दोन्हीकडून पैसे घ्यायचे. उरलेले फायनान्सने ओढून आणलेले असतात. ते लिलावात 'जसे आहे, जिथे आहे' या बोलीवर एकगठ्ठा उचलतात. ज्याचा ट्रॅक्टर ओढून नेला त्याने शेवटच्या सहा महिन्यांत ऑइल बदलले असेल का? जो आपल्या हातून जाणार हे माहीत आहे, त्यावर कोणी पैसे घालतो का? असला माल रंगवून शेतकऱ्याच्या गळ्यात मारणाऱ्याला तुम्ही कायद्याचा मुलामा देता.

वकील : तुम्ही तीन वेगळ्या माणसांना एकाच नावाने हाक मारताय. नुसती भेट घालून देणारा दलाल आहे. ट्रॅक्टर विकत घेऊन, पैसे गुंतवून, मग विकणारा व्यापारी आहे. आणि केंद्राच्या मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३पासून, तिसराही आहे. तो आरटीओकडून पाच वर्षांचे प्राधिकारपत्र घेतलेला, नोंदणीकृत जुन्या वाहनांचा अधिकृत डीलर. मालकाने त्याच्या ताब्यात वाहन दिल्याची सूचना आरटीओला गेली की कायद्याच्या नजरेत तो डीलरच त्या वाहनाचा मालक मानला जातो. नाव बदलण्याचे, ना-हरकत दाखल्याचे, आरसी नूतनीकरणाचे अर्ज तो स्वतः करू शकतो. कपाटातल्या कोऱ्या फॉर्मची जी साखळी मी मघाशी सांगितली, ती तोडण्यासाठीच हा नियम आला. लिलावातल्या ट्रॅक्टरचेही तसेच. हप्ते थकल्याने ताब्यात घेतलेल्या वाहनाची नवी आरसी वित्तसंस्थेला स्वतःच्या नावावर काढता येते, त्यासाठी फॉर्म ३६ असतो. तो कागद डीलरकडे असेल, तर ओढून आणलेला ट्रॅक्टरही मालकीच्या बाबतीत सरळ असतो. तुमच्या तालुक्यातल्या शेडवाल्यांकडे प्राधिकारपत्र नसेल, तर त्यांना डीलर म्हणून जादा पैसे देऊ नका, एवढेच मी म्हणेन.

मिस्त्री : हे झाले कागदाचे. आणि महिन्याभरात गिअरबॉक्स आवाज करायला लागला तर?

वकील : तिथेच शेतकरी आणि व्यापारी यांच्यातला खरा फरक आहे. मालकी निर्वेध असण्याची हमी वस्तू विक्री कायदा १९३०च्या कलम १४प्रमाणे प्रत्येक विक्रेता देतोच, मग तो शेतकरी का असेना. पण मालाच्या दर्जाबद्दल कलम १६ साधारण नियम असा घालते की दर्जाची कोणतीही गर्भित हमी नसते, बघून घेणे हे घेणाऱ्याचे काम. त्याला दोन मोठे अपवाद आहेत आणि दोन्ही धंदा करणाऱ्या विक्रेत्याला लागू पडतात. घेणाऱ्याने आपले काम काय आहे हे सांगून त्याच्या जाणतेपणावर विसंबून माल घेतला, तर तो माल त्या कामाला योग्य असला पाहिजे. आणि त्या जातीच्या मालाचा व्यवहार करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला, तर तो विकण्याजोग्या दर्जाचा असला पाहिजे. आपला एकुलता ट्रॅक्टर विकणारा शेतकरी या अपवादांत बसत नाही. दाद मागण्याच्या जागेतही फरक आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणासाठी घेतली असे मानले जात नाही, म्हणून असा शेतकरी ग्राहक ठरतो. तक्रार तो स्वतःच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करू शकतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पण तक्रार व्यापाऱ्याविरुद्ध चालते. पलीकडच्या गावच्या शेतकऱ्याविरुद्ध तुम्हाला दिवाणी दावाच लावावा लागेल.

या मांडणीवरून डीलरच्या जादा पैशांचे उत्तर मिळाल्यासारखे वाटते. डीलरकडून घेणारा ट्रॅक्टरसोबत एक उत्तरदायी माणूस विकत घेतो, आणि शेतकऱ्याकडून घेणारा फक्त ट्रॅक्टर. परंतु हे उत्तर कायद्याच्या पुस्तकात जितके भक्कम आहे तितके सौद्याच्या पावतीवर राहत नाही. त्याला दोन ठिकाणी भोके पडतात. दुसरे भोक मिस्त्रीच्या पहिल्याच सल्ल्याने पडते, हे विशेष.

मिस्त्री : वकीलसाहेब, तुम्ही डीलरची पावती वाचली आहे का? पाचशेच्या स्टॅम्पवर असो की साध्या पावती-पुस्तकात, शेवटची ओळ ठरलेली असते. 'ट्रॅक्टर पाहून, चालवून, पसंत करून, जसा आहे तसा घेतला. यापुढे तक्रार चालणार नाही.' खाली गिऱ्हाइकाची सही. तुमचा १९३०चा कायदा त्या एका ओळीत बसतो की नाही?

वकील : दुर्दैवाने बराचसा बसतो. कलम ६२प्रमाणे दोघांनी स्पष्ट करार करून गर्भित हमी वगळता येते. आणि दुसरी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. विकण्याजोग्या दर्जाची हमी आहे खरी, पण घेणाऱ्याने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसायला हवे होते त्यांना ती लागू होत नाही. म्हणजे शेतकरी तुम्हाला सोबत घेऊन गेला, तुम्ही तासभर इंजिन ऐकले, तर उद्या डीलरचा वकील म्हणेल की एवढा जाणता मिस्त्री आणला होता, त्याला हुकाचे भोक दिसले नाही का?

मिस्त्री : म्हणजे मला नेले तर कायदा कमी होतो आणि नाही नेले तर अक्कल कमी होते. मग शेतकऱ्याने करायचे काय?

इथे दोन्ही बाजू पहिल्यांदा एकमेकींना खरोखर भिडतात, आणि या लेखाचा निष्कर्ष याच अडचणीतून निघतो. मिस्त्रीला न नेणे हे काही उत्तर नाही. कायद्याचा लाभ मिळावा म्हणून डोळे मिटून माल घेणारा माणूस खटला जिंकेल कदाचित, पण त्याची पेरणी त्या हंगामात हुकेल. 'जसा आहे तसा' या ओळीवर सही करून डीलरचा भाव देणे तर त्याहून वाईट. शेतकऱ्याकडून स्वस्तात घेतानाही जोखीम आपली, आणि डीलरकडून महागात घेतानाही जोखीम आपलीच, असा तो सौदा होतो. म्हणून तपासणी आणि जबाबदारी यांची वाटणी करावी लागते. मिस्त्रीने जे पाहिले ते कागदावर यावे आणि किमतीतून वजा व्हावे. मागचे टायर निम्मे झिजलेले, क्लच संपत आलेला, पुढच्या एक्सलमध्ये खेळ, असे दिसलेले दोष पावतीवर लिहून घ्यावेत, कारण त्यांची भरपाई भावात आधीच झालेली असते. जे मिस्त्रीला न उघडता दिसूच शकत नाही, म्हणजे गिअरबॉक्स आणि क्राउन-पिनियनच्या आतली अवस्था, इंजिनाचा आतला भाग, हायड्रॉलिक पंप, त्याची जबाबदारी डीलरने ठरावीक दिवसांसाठी लिहून द्यावी. दिसणाऱ्या दोषाचा भार घेणाऱ्यावर आणि न दिसणाऱ्याचा विकणाऱ्यावर, ही वाटणी कलम १६च्या गाभ्याशी जुळणारी आहे. ती करारात उतरली की 'जसा आहे तसा' या ओळीला जागा राहत नाही. डीलरचा नफा समर्थनीय ठरतो तो याच ठिकाणी. न दिसणाऱ्या दोषाची जोखीम तो घेतो म्हणून त्याला जादा पैसे द्यायचे. जोखीम घेत नसेल तर तो दलाल आहे, आणि त्याला दलालीपुरतेच द्यावे.

मिस्त्री : कागदावर हे छान दिसते. पण गिअरबॉक्सची हमी लिहून देणारा डीलर तुम्हाला आमच्या तालुक्यात तरी सापडणार नाही. तो म्हणेल, नवा ट्रॅक्टर घ्या ना मग, कंपनी देते हमी. आणि समजा दिलीच, तरी तो भावात तेवढे चढवणार. आयोगात गेलो तर तारखा. तोवर ट्रॅक्टर माझ्याच शेडमध्ये उघडून पडलेला, आणि शेतकरी पुन्हा भाड्याच्या ट्रॅक्टरच्या रांगेत.

वकील : भावात चढवू द्या. निदान तेव्हा त्या जोखमीची किंमत किती, हे उघड होईल. आज ती किंमत शेतकरी भरतोच, फक्त कशापोटी भरली हे त्याला कळत नाही. समजा, दोन महिन्यांची हमी दिली तर वीस हजार जास्त, असे डीलर म्हणाला. मग शेतकऱ्याला निवड करता येते. हमी नको असेल तर वीस हजार कमी द्यावेत आणि गिअरबॉक्स तुमच्याकडून उघडून बघून घ्यावा. आणि डीलर कोणत्याही भावाला हमी द्यायला तयार नसेल, तर त्याचा त्या ट्रॅक्टरवर स्वतःचाच भरवसा नाही, असे समजायला हरकत नाही. तारखांचे तुमचे म्हणणे खरे आहे, म्हणून मी आयोगाच्या निकालावर भिस्त ठेवत नाही. सगळे पैसे एका दिवशी देऊ नयेत, हा माझा मुद्दा आहे. आरसीवर नाव लागेपर्यंत आणि ठरलेले दिवस संपेपर्यंत किमतीचा एक हिस्सा घेणाऱ्याच्या हातात राहिला, तर डीलर स्वतःहून मिस्त्री पाठवतो. लिहिलेली पावती आणि राखलेले पैसे एकत्र असले की बहुतेक भांडणे आयोगापर्यंत जात नाहीत.

मिस्त्री : आणि तुमच्या त्या ग्राहक आयोगात भाड्याने नांगरट करणारा बसतो का? सव्वातीन एकरांत ट्रॅक्टर कोणाला परवडतो? जो घेतो तो गावाची शेतेही करतोच.

वकील : स्वतःची उपजीविका त्यावर असेल तर बसतो. १९९५च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की एक-दोन माणसांची मदत घेतली म्हणून स्वयंरोजगार संपत नाही. चार ट्रॅक्टर, चार ड्रायव्हर ठेवून भाड्याचा धंदा करणाऱ्याला मात्र हा आधार मिळणे कठीण. म्हणून घेताना कामाचे कारण पावतीवर लिहिणे शहाणपणाचे. 'घरच्या शेतीसाठी आणि भाड्याच्या नांगरटीसाठी, रोटाव्हेटर आणि एक ट्रॉली चालवण्याकरिता' एवढे लिहिले तरी दोन गोष्टी होतात. उपजीविकेचा पुरावा राहतो आणि डीलरला काम माहीत होते हेही सिद्ध होते.

मिस्त्रीच्या बोलण्यात 'नवा घ्या ना मग' हा आक्षेप ओझरता येऊन गेला, पण तो हलका नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सात लाख मूळ किमतीच्या ट्रॅक्टरवर पूर्वी ८४,००० रुपये कर होता, तो आता ३५,००० होतो. म्हणजे ४९,०००चा फरक पडतो. नव्याची किंमत एवढी उतरल्यावर जुन्याचा भाव जुन्याच पातळीवर धरून बसणाऱ्या डीलरला हे आकडे दाखवावेच लागतात. नव्यावर कंपनीची हमी असते, त्याला कर्ज तुलनेने कमी व्याजाने मिळते आणि सरकारी यांत्रिकीकरण योजनांतले अनुदानही नव्यालाच असते. म्हणून तीन-चार वर्षांचा, नव्याच्या जवळपास भाव असलेला ट्रॅक्टर घेणे आता फार कमी वेळा शहाणपणाचे ठरते. पण याच कपातीची दुसरी बाजू जुन्याच्या फायद्याची आहे. ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब आणि बरेच सुटे भाग १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, त्यामुळे आठ-दहा वर्षांचा ट्रॅक्टर कमी भावात घेऊन त्याचे इंजिनकाम करून घेणे पूर्वीपेक्षा स्वस्त पडते. ज्याला वर्षाकाठी थोड्याच दिवसांचे काम आहे, त्याचा हिशेब तिथेच जमतो. अट एवढीच की त्या मॉडेलचे भाग तालुक्याला मिळाले पाहिजेत. महिंद्राचा ५७५ किंवा स्वराजचा ७४४ यांचे भाग आणि त्यांची सवय असलेले हात खेडोपाडी आहेत. एचएमटीचे ट्रॅक्टर दणकट म्हणून ओळखले जातात, पण त्या कंपनीचा ट्रॅक्टर विभाग २०१६मध्ये बंद झाला. तसा ट्रॅक्टर स्वस्त मिळाला, तरी त्या स्वस्ताईचे कारण भावातच लिहिलेले आहे. वयाचाही हिशेब धरावा लागतो. ट्रॅक्टरची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. चौदाव्या वर्षी घेतलेल्या ट्रॅक्टरचे नूतनीकरण कोणी करायचे, हे सौद्यातच ठरले नाही तर तो खर्च घेणाऱ्याच्याच अंगावर येतो.

उरतो तो थेट शेतकऱ्याकडून घेण्याचा मार्ग. मिस्त्रीची बाजू इथे बळकट आहे, आणि ती सोडून देण्याचे कारण नाही. गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या मालकाचा ट्रॅक्टर वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर चाललेला असतो. त्याचा इतिहास डीलरच्या कोणत्याही हमीपेक्षा जास्त सांगतो. अशा ट्रॅक्टरसाठी डीलर मध्ये आणणे म्हणजे माहीत असलेल्या गोष्टीची माहिती पैसे देऊन झाकून घेणे. तिथे फक्त वकिलाची शिस्त पाळली की पुरे. कोऱ्या फॉर्मवरच्या सह्यांवर भागवू नये, दोघांनी मिळून हस्तांतराचा अर्ज करावा, बोजा उतरल्याचा दाखला हातात आल्याशिवाय शेवटचा हिस्सा देऊ नये आणि विमा लगेच आपल्या नावावर करून घ्यावा. पण ट्रॅक्टर दुसऱ्या जिल्ह्यातून किंवा परराज्यातून आलेला असेल, मालक अनोळखी असेल, मध्ये दोन-तीन हात होऊन गेले असतील, तर मिस्त्रीला मिळणारा इतिहासच नसतो. तिथे जबाबदार डीलरची किंमत वाढते. परराज्यातल्या ट्रॅक्टरला तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला आणि इथे पुन्हा नोंदणी लागते. ही पायपीट एकट्या शेतकऱ्याने करण्यापेक्षा ती ज्याचा धंदा आहे त्याने आपल्या नावावर करावी, हे बरे. म्हणून 'डीलर चांगला की शेतकरी' हा प्रश्न एका उत्तराने सुटणारा नाही. इतिहास माहीत असेल तिथे थेट सौदा स्वस्त आणि सुरक्षित असतो. तो माहीत नसेल तिथे जबाबदारी विकत घ्यावी लागते, आणि डीलर ती विकतो का, हे तपासावे लागते.

वकील आणि मिस्त्री यांचे शेवटी एकमत होते ते कामाच्या क्रमावर. आधी थंड इंजिन सुरू करून, अवजार लावून शेतात चालवून मिस्त्रीने तपासणी करायची आणि दिसलेल्या दोषांची यादी लिहायची. मग चासी-इंजिनाचे क्रमांक, बोजा, विमा आणि डीलरचे प्राधिकारपत्र बघायचे. त्यानंतर पावतीचा मजकूर ठरवायचा. त्यात कामाचे कारण, दिसलेले दोष, न दिसणाऱ्या भागांची मुदतीची हमी, नाव लावून देण्याची तारीख आणि राखून ठेवलेली रक्कम यायला हवी. किंमत सगळ्यांत शेवटी बोलायची. सध्या बहुतेक सौद्यांत हा क्रम उलटा असतो. आधी किंमत तुटते, विसार दिला जातो आणि पावती ट्रॅक्टर निघण्याच्या वेळी घाईघाईत लिहिली जाते. म्हणून 'जसा आहे तसा' ही ओळ न वाचताच सहीखाली जाते. ज्या मजकुरावर किंमत अवलंबून आहे तो मजकूर ठरण्याआधी किंमत ठरवणे म्हणजे आपण काय घेतो आहोत हे न पाहता पैसे मोजणे. डीलरकडे जाणाऱ्याने भावाआधी कोरी पावती मागावी. ती पूर्ण लिहायला जो डीलर तयार होईल त्याचे जादा पैसे रास्त आहेत, आणि जो तयार होणार नाही त्याच्याशी शेतकऱ्याच्या दारातल्या भावातच सौदा करावा.